तीन तारांचा समतोल आणि आगगाडीचे ओझे

विरार ते चर्चगेट हा प्रवास नित्य करणाऱ्या आमच्या वाचकांच्या ध्यानी एक गोष्ट आली असेल. लोकल भरधाव धावत असताना मध्येच मोटरींचा नाद थांबतो, पंखे मंदावतात, काही दिवे मालवतात आणि काही क्षणांत सारे पूर्ववत होते. नवखा प्रवासी बिघाड झाला असे समजतो. वस्तुतः त्या जागी माथ्यावरच्या तारेचा एक लहानसा तुकडा मुद्दामच विजेविना ठेवलेला असतो. रेल्वेचे लोक त्याला ‘न्यूट्रल सेक्शन’ म्हणतात. या तुकड्याच्या अलीकडची वीज आणि पलीकडची वीज बहुधा एक नसते. विजेच्या महाजाळ्यातील निरनिराळ्या तारांच्या जोडीतून त्या दोन्ही आलेल्या असतात, आणि त्यांची परस्परांशी गाठ पडू देणे धोक्याचे असते.

एकाच लोहमार्गावर, एकाच गाडीसाठी, अशी वेगवेगळी वीज का पुरवावी? या साध्या प्रश्नाच्या उत्तरासाठी आम्हांला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास धुंडाळावा लागला. तो इतिहास वरवर पाहता यंत्रांचा आहे. परंतु जसजसे खोलात जावे तसतसा त्यातून एक निराळाच प्रश्न डोके वर काढतो. आगगाडी आपल्या सोयीसाठी जो भार उचलते, त्याचा काच नेमका कोणाला बसतो आणि त्याचा हिशेब कोण ठेवतो, हा तो प्रश्न होय.

प्रथम तीन तारांविषयी थोडे सांगितले पाहिजे. वसईच्या वाड्यांतून पूर्वी रहाट चालत असत, ते ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हा विषय समजावयास जड जाऊ नये. रहाटाच्या माळेला ओळीने लोटे बांधलेले असत. एक लोटा पन्हळीत रिता होत असे तोच दुसरा काठाशी आलेला असे आणि तिसरा त्याच्या मागोमाग वर चढत असे. म्हणून पाणी थांबून थांबून न पडता अखंड वाहत असे. वीजकेंद्रातून निघणाऱ्या तीन तारांचे, अर्थात थ्री-फेज विजेचे, असेच आहे. प्रत्येक तारेतील दाब सेकंदाला पन्नास वेळा वरखाली होतो. मात्र तिन्ही तारांची भरती एकाच वेळी येत नाही, ती एकीमागून एक, सारख्या अंतराने येते. त्यामुळे मोटरीला मिळणारी शक्ती अखंड असते, आणि तिच्या पोटात एक चुंबकीय चक्र आपोआप फिरू लागते. या पद्धतीची थोरवी जगाला पटली ती १८९१ साली. त्या वर्षी जर्मनीत नेकार नदीकाठच्या लाउफेन गावाहून सुमारे १७५ किलोमीटर दूर असलेल्या फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनापर्यंत तीन तारांतून वीज नेऊन दाखविण्यात आली. तेव्हापासून जगातील जवळजवळ प्रत्येक वीजजाळे तीन तारांच्या पायावर उभे आहे.

या व्यवस्थेची अट एकच. तिन्ही तारांवरचा भार सारखा हवा. रहाटाच्या माळेतला एकच लोटा मोठा आणि बाकीचे लहान असले तर चाक हिसके देऊ लागते, तसे इथेही होते. घरोघरचे दिवे-पंखे एकेका तारेवरच चालतात हे खरे, पण अशी हजारो घरे तिन्ही तारांवर वाटून दिली की सरासरीने समतोल साधतो. आगगाडीची गोष्ट वेगळी. तिच्या माथ्यावर तार एकच आणि परतीची वाट म्हणजे पायाखालचे रूळ. एका मोठ्या मालगाडीचे सहा हजार अश्वशक्तीचे इंजिन साडेचार मेगावॉट शक्ती ओढते. म्हणजे एका लहानशा शहराला पुरेल इतका भार तीनपैकी दोनच तारांवर एकदम येऊन पडतो, आणि गाडी पुढे गेली की तसाच अचानक नाहीसा होतो.

या विषम भाराने तिन्ही तारांतील दाब सारखे राहत नाहीत. याला अभियंते व्होल्टेजचा असमतोल म्हणतात. दिवा लावणाऱ्याला तो जाणवत नाही. तो जाणवतो त्याच जाळ्यावर चालणाऱ्या थ्री-फेज मोटरींना. पिठाची गिरणी, सुताराचे यंत्र, बर्फाचा कारखाना, वाडीतल्या बावखलावरचा पंप ही सारी या मोटरींचीच गिऱ्हाइके आहेत. दाबात एक टक्का असमतोल असला तर मोटरीच्या प्रवाहात तो सहा ते दहा पटींनी वाढून उतरतो. दाबाचा असमतोल साडेतीन टक्क्यांवर गेला तर मोटरीची उष्णता सुमारे पंचवीस टक्क्यांनी वाढते, असा यंत्रशास्त्रातील जुना ठोकताळा आहे. गुंडाळीचे तापमान दर दहा अंशांनी वाढले की तिच्या आवरणाचे आयुष्य निम्मे होते, असा दुसरा ठोकताळा. दोन्ही एकत्र मांडले म्हणजे चित्र स्पष्ट होते. मोटर आज बंद पडत नाही. ती पाच-सात वर्षांनी, जळायला नको होती तेव्हा जळते. मालक मोटर दुरुस्त करणाऱ्याला बोल लावतो, दुरुस्त करणारा तांब्याच्या तारेला. कोसभर अंतरावरून जाणाऱ्या आगगाडीचा संशय कोणालाच येत नाही.

हा धोका विजेच्या आगगाडीला जन्मापासून नव्हता. आमच्या मुंबईचेच उदाहरण घ्या. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदरहून हार्बर मार्गाने कुर्ल्यापर्यंत भारतातील पहिली विजेची गाडी धावली. १९२८ साली बी. बी. अँड सी. आय. रेल्वेने बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या आणल्या आणि १९३६ साली त्या विरारला पोहोचल्या. खोपोली, भिवपुरी आणि भिरा येथील टाटांची जलविद्युत् केंद्रे तोवर सज्ज झाली होती. जी. आय. पी. रेल्वेने तर कल्याणजवळ चोळे येथे १९२९ साली स्वतःचे वीजघर चालू केले. या साऱ्या मार्गांवरच्या तारेत १५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह असे, ज्याला सर्वजण डी. सी. म्हणतात. थ्री-फेज वीज उपकेंद्रात येई, तेथील यंत्रे तिन्ही तारांतून सारखाच घास घेत आणि त्यातून एकदिश प्रवाह तयार करून तारेवर सोडत. गाडी कितीही दांडगी असली तरी जाळ्याच्या दृष्टीने ती समंजस गिऱ्हाईक होती. जवळजवळ सत्याऐंशी वर्षे मुंबईच्या उपनगरी गाड्यांनी हा शहाणपणा पाळला.

मात्र त्या शहाणपणाची किंमत जबर होती. दाब कमी म्हणून प्रवाह प्रचंड, प्रवाह प्रचंड म्हणून तांब्याची तार जाडजूड, आणि तरीही दर थोड्या किलोमीटरवर एक उपकेंद्र लागे. मुंबईसारख्या गजबजलेल्या मार्गावर हा खर्च परवडे. शेकडो मैलांच्या ओसाड मुलखातून जाणाऱ्या मार्गावर तो कसा परवडावा?

युरोपात या कोड्याची निरनिराळी उत्तरे निघाली, आणि त्यांतील काही मोठी मनोरंजक आहेत. इटलीच्या उत्तरेस वाल्तेल्लीना खोऱ्यात १९०२ साली हंगेरीच्या गान्झ कंपनीने थ्री-फेज आगगाडी सुरू केली. तिचा शिल्पकार होता काल्मान कांदो नावाचा बुडापेस्टचा तरुण अभियंता. त्याने माथ्यावर दोन तारा टांगल्या आणि तिसरीचे काम रुळांकडून करून घेतले. भार तिन्ही वाटांनी सारखा, त्यामुळे असमतोलाचा प्रश्नच मिटला. परंतु जिथे एक मार्ग दुसऱ्याला छेदतो तिथे दोन तारांची गुंतागुंत सांभाळताना लोक मेटाकुटीस येत. शिवाय इंजिनाला ठरावीक दोन-चार वेगांपलीकडे वेगच नसत. तरीही इटलीने ही पद्धत चिवटपणे जोपासली. तेथील शेवटची थ्री-फेज गाडी १९७६ साली थांबली. जर्मनीत झोसेनजवळ १९०३ साली तर मार्गाच्या कडेला तीन तारा एकीखाली एक ताणून ताशी २१० किलोमीटरचा वेग गाठला गेला. लोकांनी तोंडात बोटे घातली आणि प्रयोग तिथेच संपला. तीन तारांची आगगाडी प्रयोगात शोभून दिसे, रोजच्या संसारात तिचे कोणाशी जमले नाही.

जर्मन, स्विस आणि ऑस्ट्रियन लोकांनी दुसरी वाट धरली. एकच तार हवी, पण त्या काळच्या मोटरी पन्नास आवर्तनांच्या विजेवर ठिणग्या उडवीत. म्हणून १९१२-१३ च्या सुमारास त्यांनी पन्नासाच्या तिसऱ्या हिश्श्याची, म्हणजे पावणेसतराच्या थोडी खालची आवर्तने आणि १५ हजार व्होल्टचा दाब आगगाडीसाठी मुक्रर केला. अशी वीज गावच्या दिव्यांना उपयोगी पडत नाही. मग रेल्वेने स्वतःचे वेगळे वीजजाळेच विणले. पहिल्या महायुद्धात कोळशाविना हवालदिल झालेल्या स्वित्झर्लंडने रितोम आणि आम्स्टेग येथील धबधब्यांच्या पाण्यावर गॉटहार्डचा घाट विजेवर आणला. बव्हेरियात वाल्खेनसे सरोवरावर १९२४ साली जे वीजकेंद्र उभे राहिले त्याच्या यंत्रशाळेत आजही हा संसार वेगळा मांडलेला दिसतो. एका जातीची जलचक्रे गावांसाठी थ्री-फेज वीज तयार करतात आणि दुसऱ्या जातीची फक्त आगगाडीसाठी. सख्ख्या भावांनी एकाच घरात दोन चुली मांडाव्यात तसा हा प्रकार. पण त्याने सार्वजनिक जाळ्याला रेल्वेचा काच लागला नाही. स्वीडनने १९२६ साली स्टॉकहोम-गोटेबर्ग मार्गासाठी आणखी काटकसरीची युक्ती काढली. वेगळे जाळे विणण्याऐवजी सार्वजनिक जाळ्यातून तिन्ही तारांचा सारखा भार घेणारी मोटर चालवायची आणि तिच्या दांड्याला रेल्वेचे जनित्र जोडायचे. हा जोडसंच रुळांवरच्या वाघिणीवर बसवलेला असे, म्हणजे गरज पडेल तिथे तो हलविता येई. असमतोल त्या फिरत्या दांड्यापाशीच अडून राहतो, जाळ्यापर्यंत पोहोचत नाही. आम्हांला ही युक्ती सर्वांत प्रामाणिक वाटते. आपल्या विषमतेचा निकाल आपल्याच दाराशी लावण्याची ती रीत आहे. मात्र त्या फिरत्या यंत्रांत काही वीज वाया जाते आणि त्यांच्या देखभालीलाही माणसे लागतात.

कांदो मात्र स्वस्थ बसला नव्हता. त्याचे म्हणणे असे की देशात पन्नास आवर्तनांची वीज आहे, तर रेल्वेने तीच वापरावी. बुडापेस्ट ते ऑस्ट्रियाच्या सरहद्दीवरील हेज्येशहालोम या मार्गावर १६ हजार व्होल्टची साधी वीज घेऊन इंजिनाच्या पोटातच तिचे अनेक फेजांत रूपांतर करणारे यंत्र त्याने बसविले. १९३२ पासून ही इंजिने धावू लागली. ती पाहण्यास कांदो राहिला नव्हता, १९३१ साली त्याला मृत्यू आला. त्याच्या या युक्तीने मोटरीची अडचण सुटली, पण जाळ्याची सुटली नाही. इंजिनाच्या पोटात काहीही घडो, माथ्यावरची तार एकच होती आणि जाळ्याला तो भार विषमच दिसत होता.

इथे थोडे थांबून एका माणसाची ओळख करून दिली पाहिजे. चार्ल्स फोर्टेस्क्यू याचा जन्म १८७६ साली कॅनडात हडसन उपसागराच्या काठी यॉर्क फॅक्टरी नावाच्या ठाण्यावर झाला. वडील केसाळ कातड्यांचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीचे अधिकारी. भोवती बर्फ, कातडी आणि होड्या. अशा ठिकाणचा हा मुलगा किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठाचा विद्युत् अभियांत्रिकीचा पहिला पदवीधर झाला आणि पुढे अमेरिकेत वेस्टिंगहाउस कंपनीत रुजू झाला. १९१३ च्या अखेरीस त्याच्याकडे फेज बदलणाऱ्या यंत्राचे गणित आले. अशीच यंत्रे पोटात बसविलेली इंजिने १९१५ पासून वेस्ट व्हर्जिनियातील नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेवर कोळशाच्या गाड्या ओढू लागली. विषम दाबावर मोटर कशी वागते, हे कागदावर मांडताना तो एका विलक्षण निष्कर्षाशी येऊन ठेपला, आणि जून १९१८ मध्ये अटलांटिक सिटी येथे भरलेल्या अमेरिकन विद्युत् अभियंत्यांच्या परिषदेत त्याने तो मांडला.

त्याचे सार सांगणे अशक्य नाही. तीन तारांतील दाब कितीही वेडेवाकडे असले तरी ते तीन सरळ, समतोल संचांची बेरीज असतात, असे त्याने दाखविले. पहिला संच नेहमीच्या दिशेने फिरतो. दुसरा तितकाच नीटनेटका, पण उलट दिशेने फिरतो. तिसऱ्यात तिन्ही तारा एकाच वेळी वरखाली होतात. पुन्हा रहाटाकडे वळू. हिसके देणारे चाक म्हणजे सुलट फिरणारे एक मोठे चाक आणि त्याच आसावर उलट फिरू पाहणारे दुसरे लहान चाक, असे समजावे. मोटर का तापते, याचे उत्तर या दुसऱ्या चाकात आहे. मोटरीचा दांडा सुलट फिरत असतो आणि हा उलटा संच तिला सतत मागे खेचत असतो. त्याच्या वाटेत मोटर फारसा अडथळा करू शकत नाही, म्हणून थोड्याशा उलट्या दाबानेही मोठा प्रवाह वाहतो आणि तो निव्वळ उष्णतेत जातो. वीजकेंद्रातल्या जनित्राचीही हीच गत. त्याच्या फिरत्या भागात दुप्पट आवर्तनांचे प्रवाह उठतात आणि पोलाद तापू लागते. म्हणून मोठ्या जनित्रांवर आज या उलट्या संचाची चाहूल घेणारे राखणदार बसविलेले असतात. ज्या पद्धतीने आज जगभरचे अभियंते वीजजाळ्यातील प्रत्येक दोषाचे गणित करतात, तिचे मूळ आगगाडीच्या इंजिनात आहे, ही गोष्ट आम्हांला फार हृद्य वाटते.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा कांदोचे स्वप्न पुन्हा जागे झाले. जर्मनीने १९३६ साली ब्लॅक फॉरेस्टमधील होलेनताल मार्गावर २० हजार व्होल्ट आणि पन्नास आवर्तने यांचा प्रयोग केला होता. युद्धानंतर तो मुलूख फ्रेंचांच्या ताब्यात आला. फ्रेंच रेल्वेच्या लुई आर्माँ याने त्या प्रयोगाचे मोल ओळखले. आल्प्सच्या पायथ्याशी एक्स-ले-बँ आणि आनसी यांच्या परिसरात स्वतःचे प्रयोग करून फ्रेंचांनी १९५१ साली आनसी येथे जगभरच्या अभियंत्यांना बोलावून ते दाखविले. १९५४-५५ मध्ये व्हालँसिएन ते तिओंव्हिल हा कोळसा आणि पोलाद वाहणारा अवजड मार्ग २५ हजार व्होल्टवर आला. तार बारीक, उपकेंद्रे पन्नासेक किलोमीटरच्या अंतराने, वेगळे वीजजाळे नको. खर्चाचा आकडा पाहून जग या पद्धतीकडे वळले. १९५७ साली भारतीय रेल्वेनेही फ्रेंच रेल्वेच्या सल्ल्याने हीच पद्धत स्वीकारली, आणि १९६० च्या सुमारास आजच्या झारखंडातील राजखरसावां-डोंगोआपोसी या खनिजांच्या मार्गावर तिचा आरंभ झाला.

स्वस्ताईचे एक कारण मात्र त्या उत्साहात फारसे कोणी उच्चारीत नसे. जर्मन आणि स्विस रेल्वे जो विषम भार स्वतः वाहत होत्या, तो या नव्या पद्धतीत सार्वजनिक जाळ्याच्या खांद्यावर गेला होता.

तो भार सुसह्य व्हावा म्हणून एक युक्ती योजण्यात आली. पहिले उपकेंद्र पहिल्या आणि दुसऱ्या तारेवर जोडायचे, त्याच्या पुढचे दुसऱ्या आणि तिसऱ्या तारेवर, तिसरे उपकेंद्र तिसऱ्या आणि पहिल्या तारेवर, आणि चौथ्यापासून पुन्हा पहिला पाढा. भारतात हाच परिपाठ आहे. लोकलमधल्या त्या क्षणिक अंधाराचे कारणही हेच. दोन उपकेंद्रांच्या हद्दी जिथे भेटतात तिथे दोन निराळ्या फेजांच्या मध्ये निर्विद्युत तुकडा ठेवणे भाग असते. कागदावर ही योजना सुंदर दिसते, कारण तीन उपकेंद्रांवर सारख्या गाड्या असतील तर तिन्ही तारांवर सारखा भार पडतो. पण गाड्या कागद पाहून धावत नाहीत. एका हद्दीत घाट चढणारी मालगाडी असते, दुसरीत दोन गाड्या सिग्नलशी उभ्या असतात आणि तिसरी रिकामी असते. दूरच्या वीजकेंद्राला सरासरी भेटते, जवळच्या गावाला सरासरी भेटत नाही. त्याला आपल्या शेजारच्या एका उपकेंद्राचीच विषमता भोगावी लागते.

ती किती, हे जाळ्याच्या ताकदीवर ठरते. एखाद्या ठिकाणी तारा एकमेकींना भिडल्या तर किती शक्ती उसळेल, या आकड्याने अभियंते ती ताकद मोजतात. समजा हा आकडा १,००० आहे आणि रेल्वेचे उपकेंद्र २० घेत आहे, तर असमतोल सुमारे दोन टक्के होतो. तोच आकडा १०,००० असेल तर असमतोल फक्त एक पंचमांश टक्का. म्हणजे जिथे जाळे दणकट, वस्ती दाट आणि कारखाने मोठे, तिथे आगगाडीचा त्रास कोणाला कळतही नाही. जिथे एकच लांबलचक वाहिनी रानावनातून आलेली असते, तिथे तीच आगगाडी, तेच इंजिन, उपद्रवी ठरते. विजेच्या नियमांना पक्षपात ठाऊक नाही, पण त्यांचा परिणाम असा दुबळ्याच्या वाट्याला अधिक येतो.

जपानने या प्रश्नाला गुंडाळ्यांच्या जोडणीनेच उत्तर दिले. ही जोडणी चार्ल्स स्कॉट नावाच्या वेस्टिंगहाउसच्या अभियंत्याने १८९४ साली वेगळ्याच कामासाठी शोधली होती. नायगाराच्या धबधब्यावरची जनित्रे दोन फेजांची होती आणि बफेलो शहराकडे जाणारी वाहिनी तीन फेजांची. दोहोंना सांधण्यासाठी स्कॉटने दोन ट्रान्सफॉर्मर अशा बेताने जोडले की एकाचे टोक दुसऱ्याच्या बरोबर मध्यावर येते. १८९६ साली नायगाराची वीज बफेलोला पोहोचली ती या जोडणीतून. जपानच्या लोकांनी ती उलटी वापरली. १९६४ साली तोकाइदो शिनकानसेन सुरू झाली तेव्हा तिच्या उपकेंद्रांत स्कॉटची जोडणी होती. तीन तारा आत, आणि बाहेर दोन स्वतंत्र विजा. एक डावीकडच्या मार्गासाठी, दुसरी उजवीकडच्या. दोन्हींकडे सारखा भार असेल तर जाळ्याला तो संपूर्ण समतोल दिसतो. दोन्हींकडे सारखा नसला, आणि तो क्वचितच सारखा असतो, तरी एका गाडीच्या काचाचा काही भाग शेजारच्या बाजूची गाडी फेडते. १९७२ साली सान्यो शिनकानसेनसाठी त्यांनी अतिउच्च दाबाच्या जाळ्याला साजेशी नवी जोडणी काढली. २००२ साली मोरिओका ते हाचिनोहे मार्ग सुरू झाला तेव्हा डाव्या-उजव्या बाजूंतील तफावत क्षणोक्षणी भरून काढणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रे त्यांनी उपकेंद्रांत बसविली.

इंग्लंडमध्ये दुसऱ्या एका जुन्या गणिताला नवा जन्म मिळाला. चार्ल्स स्टाइनमेट्झ हा ब्रेस्लाउहून अमेरिकेत आलेला, पाठीला कुबड असलेला, अलौकिक बुद्धीचा गणिती. दोन तारांवरच्या एकाकी भारासोबत उरलेल्या दोन जोड्यांवर योग्य मापाची एक गुंडाळी आणि एक कपॅसिटर जोडला, तर जाळ्याला तिन्ही तारांवर सारखा भार दिसतो, असे त्याच्या नावाने ओळखले जाणारे गणित सांगते. अडचण एवढीच की आगगाडीचा भार पळापळाला बदलतो आणि त्याबरोबर गुंडाळी व कपॅसिटर यांचे मापही बदलले पाहिजे. सेकंदाच्या अंशात उघडझाप करणाऱ्या सिलिकॉनच्या कळा आल्या तेव्हा हे शक्य झाले. २००३ साली चॅनेल बोगद्याकडे जाणाऱ्या वेगवान मार्गाचा पहिला टप्पा खुला झाला, तेव्हा केंट परगण्यातील सेलिंज येथे असाच एक भार-समतोलक बसविण्यात आला. गाडी येताच तो तिचे एकांगी ओझे तिन्ही तारांवर वाटतो, गाडी गेली की हात आखडतो. शेजारच्या केंटच्या शेतकऱ्याला यातले काही ठाऊक असण्याचे कारण नाही, आणि तेच त्या यंत्राचे यश आहे.

मुंबईने जुना शहाणपणा सोडला तो या साऱ्या अनुभवानंतर. गर्दी इतकी वाढली होती की १५०० व्होल्टच्या तारेतून बारा-पंधरा डब्यांच्या गाड्यांना पुरेसा प्रवाह देणे कठीण झाले होते. विरारच्या पलीकडे १९७० च्या दशकापासूनच २५ हजार व्होल्टची वीज होती आणि दोन्ही विजांवर चालणारी खास इंजिने तिथे आपला वेश बदलीत. २०१२ साली चर्चगेट-विरार मार्ग संपूर्णपणे नव्या विजेवर आला, मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग २०१५ साली आणि हार्बर मार्ग २०१६ साली. ज्या हार्बर मार्गावर १९२५ साली भारतातील विजेच्या आगगाडीचा जन्म झाला, त्याच मार्गावर जुन्या विजेचा शेवट झाला. मुंबईचे वीजजाळे दणकट आहे, म्हणून इथे या बदलाचा गवगवा झाला नाही.

भारतापुढचा प्रश्न मुंबईच्या बाहेरचा आहे. देशातील रुंदमापी मार्गांचे विद्युतीकरण आता जवळजवळ पूर्ण झाले आहे. म्हणजे जिथे जाळे दुबळे आहे अशा शेकडो ठिकाणी रेल्वेचे उपकेंद्र हे त्या टापूतील सर्वांत मोठे आणि सर्वांत विषम गिऱ्हाईक ठरले आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या ग्रिड मानकांनी असमतोलाची मर्यादा ठरवून दिली आहे. ४०० किलोव्होल्ट आणि त्यावरील वाहिन्यांवर दीड टक्का, २२० किलोव्होल्टवर दोन टक्के, आणि ३३ ते १३२ किलोव्होल्टवर तीन टक्के. या क्रमाकडे वाचकांनी लक्ष द्यावे. महामार्गासारख्या बलाढ्य वाहिनीला नियम कडक आहे आणि जी वाहिनी गावाच्या अधिक जवळची, तिला नियम अधिक सैल. यामागे अभियंत्यांची कारणे आहेत. वरच्या वाहिनीतला असमतोल खालच्या सर्वांपर्यंत झिरपतो, म्हणून तो उगमाशीच रोखावा लागतो, आणि बारीक वाहिनीकडून तेवढ्या शिस्तीची अपेक्षा करणे महागात पडते. तरीही तीन टक्क्यांच्या असमतोलावर मोटरीला आपल्या पूर्ण ताकदीच्या दहा-बारा टक्के कमी कामावर चालवावे, असे मोटरीचे शास्त्र सांगते. पंप विकत घेणाऱ्याला दुकानदार हे सांगत नाही. आणि वाडीतल्या खांबावरचा मीटर तर फक्त युनिटे मोजतो. उलट फिरणाऱ्या त्या लहान चाकाने त्यांतली किती खाल्ली, हे त्याच्या काचेमागे कुठेच उमटत नाही.